मिशिगनचे आद्य धर्मगुरू फादर गाब्रिएल रिशार

राज्यांचे इतिहास बहुधा सेनापती व मुत्सद्दी यांच्या नावांनी लिहिले जातात. अमेरिकेतील मिशिगन राज्याचा आरंभीचा इतिहास मात्र एका धर्मग्रामाच्या पाद्र्यास वगळून लिहिता येत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षी त्या सत्पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते. धर्मग्राम कशाने उभा राहतो व कशाने टिकतो, याचे उत्तर त्यात आहे.

गाब्रिएल रिशार यांचा जन्म १५ ऑक्टोबर १७६७ रोजी फ्रान्समधील सेंत या नगरी झाला. सुल्पिसिअन संघात प्रवेश करून १७९१ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली. त्या समयी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. धर्मगुरूंनी नव्या राजसत्तेच्या धर्मविषयक कायद्याची शपथ घ्यावी, असा हुकूम सुटला होता. ती शपथ विवेकबुद्धीस न पटल्यामुळे अनेकांनी स्वदेश सोडला, त्यांत हे तरुण पाद्रीही होते. १७९२ साली ते बाल्टिमोर बंदरी उतरले. तेथील सेमिनरीत गणित शिकवावे, असा मूळ बेत होता. परंतु विद्यार्थी मूठभर आणि अरण्यप्रदेशातील कळप मेंढपाळाविना, हे पाहून बिशप जॉन कॅरोल यांनी त्यांस इलिनॉय प्रांती पाठविले. कास्कास्किया व आसपासच्या फ्रेंच खेड्यांत सहा वर्षे सेवा करून १७९८ साली ते डेट्रॉइटला आले.

डेट्रॉइटची वसाहत कादिलाक या फ्रेंच सरदाराने २४ जुलै १७०१ रोजी स्थापिली, आणि अवघ्या दोन दिवसांत तेथे संत ॲनाच्या मंदिराचा आरंभ झाला. पुढे फ्रेंचांचे निशाण उतरून इंग्रजांचे चढले, १७९६ साली तेही उतरून अमेरिकेचे फडकले; परंतु संत ॲनाचा धर्मग्राम होता तेथेच राहिला. फादर लेव्हादू यांचे साहाय्यक म्हणून आलेले रिशार १८०२ साली त्याचे मुख्य धर्मगुरू झाले. नदीकाठच्या लांबट, अरुंद शेतांवरील फ्रेंच कुणबी, उत्तरेस मॅकिनॅक बेटावरचे कातडी व्यापारी, अरण्यातील ओटावा आदी मूळ रहिवासी, हे सर्व त्यांच्या देखरेखीखाली होते.

११ जून १८०५ हा दिवस डेट्रॉइटच्या इतिहासात काळा ठरला. गावातील घरे लाकडी व एकमेकांस खेटून होती. सकाळी लागलेल्या आगीने काही तासांत जवळजवळ सर्व गाव भस्म केले. संत ॲनाचे चर्चही त्यात गेले. मिशिगनचा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात येण्यास अवघे एकोणीस दिवस उरले होते, आणि ज्या गावी राजधानी व्हावयाची, तेथे केवळ राख होती. अशा प्रसंगी रिशार यांनी प्रथम चर्चची चिंता केली नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांकडून धान्य व अन्न गोळा करून त्यांनी होड्यांनी आणविले आणि निराश्रितांचे प्राण राखले. उत्तम दिवसांची आशा धरू या, हे गाव राखेतून पुन्हा उठेल, या आशयाचे जे लॅटिन बोधवचन आज त्या शहराच्या मुद्रेवर आहे, ते त्यांचेच होय असे मानले जाते.

पोट भरले म्हणजे मन भरले असे नव्हे, हे ते जाणून होते. त्यांनी मुलामुलींसाठी शाळा काढल्या. मूळ रहिवाशांच्या मुलांस अक्षरओळखीबरोबर सूतकताई व विणकामही शिकविण्याची व्यवस्था केली. १८०९ साली छापखाना आणवून मिशिगनमधील पहिले वृत्तपत्र छापविले. त्याचा एकच अंक ज्ञात असला, तरी शाळेची व भक्तीची पुस्तके त्या यंत्रावर निघत राहिली. गावात प्रॉटेस्टंट उपदेशक नव्हता, म्हणून त्या पंथाच्या लोकांनी विनंती करताच ते त्यांस मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रवचन देऊ लागले. १८१७ साली मिशिगन विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा तेरा अध्यासनांपैकी सात प्रेस्बिटेरियन उपदेशक जॉन माँटीथ यांनी व सहा रिशार यांनी सांभाळली. दोन भिन्न पंथांच्या उपदेशकांनी एका विद्यापीठाचा भार असा वाटून घ्यावा, हे त्या काळी नवलच होते.

१८१२ च्या युद्धात डेट्रॉइट इंग्रजांच्या हाती पडले. आपली निष्ठा अमेरिकेच्या राज्यघटनेस वाहिलेली आहे, म्हणून इंग्लंडच्या राजाची शपथ घेण्यास रिशार यांनी नकार दिला आणि बंदिवास पत्करला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी शपथेपेक्षा संकट पसंत केले.

परंतु बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातला कलह अधिक दुःसह असतो. आगीनंतर गावाची नवी आखणी झाली, तेव्हा जुन्या चर्चच्या व दफनभूमीच्या जागेचा प्रश्न निघाला. नवे चर्च कोठे बांधावे, पूर्वजांच्या अस्थी हलवाव्यात की नाही, यावरून धर्मग्रामात दोन तट पडले आणि वर्षानुवर्षे बांधकाम अडले. अखेर बार्ड्सटाउनचे बिशप फ्लाजे यांनी १८१८ साली प्रत्यक्ष येऊन समेट घडविला, व त्याच वर्षी दगडी चर्चची पायाभरणी झाली. जागेच्या वादाने धर्मग्राम कसे दुभंगतात, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

१८२३ साली नागरिकत्व घेऊन रिशार निवडणुकीस उभे राहिले आणि मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये गेले. तेथे बसणारे ते पहिले कॅथॉलिक धर्मगुरू होत. त्याच सुमारास एक विचित्र संकट ओढवले. पत्नी हयात असता दुसरा विवाह करणाऱ्या एका इसमास त्यांनी धर्मबहिष्कृत केले होते. त्याने बेअब्रूची फिर्याद केली आणि न्यायालयाने फादरांस मोठा दंड ठोठावला. विवाहाच्या साक्रामेंताचे रक्षण केल्याबद्दल दंड भरणे त्यांस मान्य नव्हते. ते तुरुंगात गेले. प्रतिनिधीस मिळणाऱ्या संरक्षणामुळे त्यांची सुटका झाली. काँग्रेसमध्ये त्यांनी डेट्रॉइट ते शिकागो या मार्गासाठी आग्रह धरला, व १८२५ साली त्याच्या पाहणीस मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ईरी कालवा खुला झाला, आणि कालव्याने व या मार्गाने वसाहतवाल्यांचे लोंढे आले. मिशिगनचा भाग्योदय झाला खरा. पण १८१७ च्या तहात ज्या जमातींनी संत ॲनाच्या चर्चला व विद्यापीठाला जमीन दान केली होती, त्यांतील अनेकांस पुढे स्वभूमीस मुकावे लागले. हे लिहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

१८२५ च्या निवडणुकीत अल्प मतांनी त्यांचा पराभव झाला, आणि ते आपल्या वेदीकडे परतले. बिशपपदासाठीही त्यांचे नाव पुढे आले होते, परंतु ते घडले नाही. १८३२ च्या जुलैत सैनिकांना घेऊन आलेल्या आगबोटीबरोबर डेट्रॉइटमध्ये पटकीची साथ शिरली. चौसष्ट वर्षांचे रिशार घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, त्यांस अंतिम अभ्यंग देत आणि मृतांस मूठमाती देत फिरत राहिले. अखेर १३ सप्टेंबर १८३२ रोजी त्यांचीही प्राणज्योत मालवली. पुढल्या वर्षी डेट्रॉइटचा धर्मप्रांत स्थापन झाला. १८३७ साली मिशिगन हे संघराज्यातील पूर्ण राज्य झाले. हे दोन्ही पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज संत ॲनाचे जे चर्च उभे आहे, ते त्यांनी बांधलेले नव्हे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. त्यांचे अवशेष मात्र तेथेच विसावले आहेत. चर्च जळाले, पुन्हा बांधले गेले, स्थलांतरित झाले, धर्मग्राम राहिला. कारण आग लागली त्या दिवशी त्याच्या धर्मगुरूने आधी भुकेल्यांचा विचार केला, आणि साथ आली त्या दिवशी तो गाव सोडून गेला नाही. महोत्सवाच्या तोरणांखाली उभे असताना आपल्या भिंतींचे वय मोजावे, हे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर या वर्षांत आपल्या वेशीवरील किती भुकेल्यांस अन्न, किती मुलांस अक्षर व किती आजाऱ्यांस सोबत मिळाली, याचाही हिशेब आपण मांडावा. तो हिशेब मांडण्याचे धैर्य परमेश्वर आपणांस देवो, हीच या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.