शिक्षक विष्णुशास्त्री चिपळूणकर

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे नाव उच्चारले की निबंधमाला डोळ्यांपुढे उभी राहते. अर्वाचीन मराठी गद्याचे जनक, मराठी भाषेचे शिवाजी, केसरीच्या संस्थापकांपैकी एक, अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण केले जाते. परंतु त्यांचा चरितार्थ शिक्षकाच्या व्यवसायावर चालत होता आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाची कृती त्यांनी शिक्षक या नात्यानेच केली, हे सहसा सांगितले जात नाही. शिक्षकाने वर्गात काय शिकवावे व वर्गाबाहेर काय लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी शब्दांनी न देता आपल्या पोटावर पाय देऊन दिले. वाचकांपुढे त्यांचे चरित्र आम्ही याच दृष्टीने मांडीत आहोत.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यास झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेत व्युत्पन्न झालेले पंडित. पुढे इंग्रजी विद्याही त्यांनी आत्मसात केली आणि शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचे ते प्रमुख झाले. अरबी भाषेतील सुरस गोष्टींचे मराठी भाषांतर त्यांनीच आरंभिले. अशा घरी ग्रंथांच्या संगतीत विष्णुशास्त्री वाढले. स्वभावाने ते लाजाळू होते. सभेत उभे राहून बोलण्यापेक्षा एकांतात वाचणे त्यांना अधिक प्रिय होते.

डेक्कन कॉलेजात शिकून १८७२ मध्ये ते बी. ए. झाले. प्रथम काही काळ त्यांनी बाबा गोखले यांच्या शाळेत शिकविले व नंतर १८७३ पासून ते पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक झाले. त्या काळी पदवीधर तरुणास सरकारी नोकरी म्हणजे कुळाचा उद्धार वाटे. पण त्या नोकरीचे स्वरूप काय होते? जुन्या पाठशाळेत गुरू कोणता ग्रंथ केव्हा लावावयाचा हे शिष्याची कुवत पाहून ठरवी. १८५५ नंतर मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले, गावोगाव शाळा निघाल्या, अनेकांना विद्येचे दार उघडले. हे त्या खात्याचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच खात्याने शिक्षकाच्या हातातील निर्णय काढून घेतला. पुस्तके खात्याची, वेळापत्रक खात्याचे, तपासणीस खात्याचे. खाजगी शाळांना द्यावयाचे अनुदानसुद्धा परीक्षेच्या निकालावर मोजले जाई. क्रमिक पुस्तकांतील मराठी कशी असावी, हे बरीच वर्षे मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेखाली ठरत असे. मराठी ज्यांची मातृभाषा त्या शिक्षकांनी ती मुकाट्याने शिकवावयाची, अशी ती रीत होती.

विष्णुशास्त्र्यांना ही रीत मानवणे शक्य नव्हते. वडील चालवीत असलेल्या शालापत्रक या मासिकात ते आधीपासून लिहीत होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु व दंडी या पाच संस्कृत कवींवरील त्यांचे रसाळ लेख याच मासिकात प्रथम आले. शालापत्रक हे विद्याखात्याच्या आश्रयाचे पत्र. त्यातील काही लेखनाने सरकारची मर्जी गेली आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. पण त्यापूर्वीच, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी कोणाच्याही आश्रयावाचून स्वतःची निबंधमाला सुरू केली होती. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हाच तिचा पहिला विषय होता. पुढे इतिहास, वाचन, इंग्रजी भाषा, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता असे नाना विषय त्यांनी हाताळले. मालेचे एकूण ८४ अंक निघाले. दिवसा सरकारी शाळेत शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात परक्या सत्तेपुढे व परक्या विद्येपुढे लाचार होऊ नका असे लोकांस सांगावयाचे, असा हा दुहेरी संसार होता.

१८७८ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली. निबंधमालेतील सडेतोड लेखनाचे हे फळ आहे, असे पुण्यातील अनेकांस वाटले. पुणे म्हणजे मालेचे ठिकाण. तेथेच छापखाने, तेथेच स्नेही आणि तेथेच ग्रंथसंग्रह होता. त्याच वर्षी कृष्णशास्त्री निवर्तले. वडिलांचे छत्र गेलेले, संसाराचा भार डोक्यावर, आणि नोकरी अशी की जिचा एक कागद माणसास मनास येईल तेथे नेऊन ठेवतो! दुसरा कोणी असता तर त्याने लेखणी म्यान करून बढतीची वाट पाहिली असती. विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला व ते पुण्यास परतले. वयाची तिशीही त्यांनी अद्याप गाठली नव्हती.

राजीनामा देणारे पुष्कळ असतात; त्यानंतर काय करावयाचे हे ठाऊक असणारे थोडे. विष्णुशास्त्र्यांनी आपली शाळा काढण्याचे ठरविले. त्याच सुमारास बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे दोन तरुण लोकशिक्षणास वाहून घेण्याचे बेत करीत होते. ते शास्त्रीबोवांना येऊन मिळाले. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यास बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. आगरकर एम. ए. ची परीक्षा आटोपून पुढील वर्षी आले. माधवराव नामजोशी व संस्कृतचे गाढे विद्वान वामन शिवराम आपटे हेही शिक्षकवर्गात सामील झाले.

या शाळेचे वैशिष्ट्य तिच्या इमारतीत नव्हते, ते तिच्या कारभारात होते. येथे शिकविणारेच चालक होते. वर कोणी धनी नव्हता आणि खाली कोणी चाकर नव्हता. आरंभी सरकारी अनुदान न घेता, तुटपुंज्या वेतनावर ही मंडळी राबली. विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेपासून त्यांची सुटका नव्हती. मुलांना तीच परीक्षा द्यावयाची होती. पण तिच्यापर्यंत मुलास कसे न्यावयाचे हे ते आपसांत विचार करून ठरवीत. स्वातंत्र्य दिले तर शिक्षक आळसावतील, ही शंका या शाळेने खोटी ठरविली. लवकरच तिचे विद्यार्थी संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या मिळवू लागले आणि १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी स्वतः येऊन शाळेची वाखाणणी केली.

शाळेबरोबरच शास्त्रीबोवांचे इतर उद्योग चालू होते. आर्यभूषण छापखाना, किताबखाना आणि चित्रशाळा यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. चित्रशाळेने छापलेले रामपंचायतन पुढे घरोघरच्या देवघरांत जाऊन बसले. त्यामागे एका शाळामास्तराची कल्पकता होती, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांसही कदाचित माहीत नसेल. जानेवारी १८८१ मध्ये मराठा व केसरी ही पत्रे निघाली, तीही याच शिक्षकमंडळींनी काढलेली. निबंधमालेतील आपल्या देशाच्या स्थितीवरील अखेरचा दीर्घ निबंध इतका तेजस्वी होता की, पुढे इंग्रज सरकारने तो जप्त केला व ती बंदी १९३७ मध्ये उठली. सरकारी नोकरीत राहून असा निबंध लिहिणे कोणास शक्य झाले असते?

१७ मार्च १८८२ रोजी, बत्तीसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. शाळा जेमतेम सव्वादोन वर्षांची होती. पण ती मोडली नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करणारे शिक्षक हेच संस्थेचे आजीव सभासद व चालक असावेत, हा नियम शास्त्रीबोवांच्या शाळेतूनच उगवला. गोपाळ कृष्ण गोखले याच नियमाने बांधलेले शिक्षक होते.

स्वातंत्र्याची दुसरी बाजूही येथे सांगितली पाहिजे. वरचा धनी गेला की बरोबरीच्यांशी जमवून घ्यावे लागते. वेतन, बाहेरची कामे व मिळकत यांवरून आजीव सभासदांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. उलट, आगरकरांची सामाजिक मते पुण्यातील बहुतेकांना रुचत नसताही सहकाऱ्यांनी १८९२ मध्ये त्यांनाच फर्ग्युसन कॉलेजाचे मुख्याध्यापक केले. शिक्षकाचे मत त्याच्या आड आले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

विष्णुशास्त्र्यांचे दोषही झाकून चालणार नाही. महात्मा जोतीराव फुले व लोकहितवादी यांच्यावर त्यांनी अत्यंत कठोर, क्वचित तुच्छतेची टीका केली. ज्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यातच मुलींची शाळा काढली आणि शूद्रातिशूद्रांना विद्या दिली, त्यांच्या कार्याचे मोल त्यांना कळले नाही. स्वतःच्या वर्गाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या पुरुषास दुसऱ्याच्या बेड्या दिसू नयेत, हे दुर्दैव होय. आमच्या मते त्यांचा मार्ग घ्यावा आणि ही उणीव भरून काढावी.

शिक्षकाचे स्वातंत्र्य म्हणजे मनास वाटेल तसे वागण्याची मुभा नव्हे. समोरच्या मुलास काय हवे हे ओळखून, आपल्या विद्येस व विवेकास साक्ष ठेवून शिकविण्याची ती जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक व आपत्तीनिवारण सोडून इतर बिगर शैक्षणिक कामांस शिक्षकाला जुंपण्यास मनाई केली आहे. पण कायदा वेळ देऊ शकतो, विश्वास देऊ शकत नाही. तो पालकांनीच द्यावयाचा असतो. आपल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत. पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा गुणांचा हिशेब विचारण्यापूर्वी, मुलास शिकविताना आपणांस कोणती अडचण येते, एवढे शिक्षकांस विचारावे. विष्णुशास्त्र्यांचे याहून चांगले स्मरण आम्हांस सुचत नाही.