जगद्गुरू तुकोबारायांचे कुमारवय

महाराष्ट्रातील संतपरंपरेत देहूचे श्री तुकाराम महाराज यांचे स्थान कळसाचे मानले जाते. गावोगावच्या देवळांत आणि घराघरांच्या भिंतींवर त्यांची जी तसबीर दिसते, तीत हाती वीणा व चिपळ्या, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का आणि मुखावर प्रौढ वयाची शांती असते. त्यामुळे तुकोबा जन्मतःच असे होते, अशी भाविकांची नकळत समजूत होऊन बसते. परंतु तुकोबांनाही तेरावे वर्ष लागले होते. त्यांचाही आवाज फुटला होता, त्यांनाही मिसरूड फुटली होती, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दापुढे मान खाली घालून त्यांनीही नको वाटणारी कामे केली असतील. त्या वयाची आठवण करणे म्हणजे संतत्वाला उणेपणा आणणे नव्हे. उलट ते संतत्व कोणत्या मातीत रुजले, हे त्यामुळे कळते.

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीच्या काठी देहू वसलेले आहे. तेथील मोरे घराण्यात विश्वंभरबाबा नावाचे थोर विठ्ठलभक्त होऊन गेले. त्यांनी स्थापन केलेल्या विठ्ठल-रखुमाईची सेवा पिढ्यान् पिढ्या त्या घरात चालत आली. विश्वंभरबाबांपासून आठव्या पिढीत तुकोबांचा जन्म झाला. जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ च्या सुमाराचे वर्ष सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे. वडिलांचे नाव बोल्होबा व आईचे कनकाई. थोरला भाऊ सावजी, मधले तुकोबा आणि धाकटा कान्होबा. जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी, आणि त्याशिवाय देहूच्या पेठेची महाजनकी घरात होती. शेती होती, दुकान होते, देण्याघेण्याचा व्यवहार होता. घर खाऊनपिऊन सुखी होते. दारिद्र्यात जन्मलेला मुलगा देवाकडे वळला, अशी ही कथा नाही.

त्या काळी पुणे प्रांत अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे, आणि त्या राज्याचा कारभार मलिक अंबराच्या हाती होता. मोगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या. फौजा कधी कोणत्या वाटेने येतील याचा नेम नसे. तरीही गावगाडा चालत होता. पेरण्या होत, बाजार भरत, लग्नकार्ये होत, आषाढी-कार्तिकीला वारकरी पंढरीची वाट धरीत. अशा गावात, अशा भरल्या घरात तुकोबांचे लहानपण गेले.

त्या लहानपणाची रोजनिशी कोणी लिहून ठेवली नाही. महिपतीबोवा ताहराबादकरांनी तुकोबांचे चरित्र सविस्तर लिहिले ते अठराव्या शतकात, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. परंतु तुकोबांच्या अभंगगाथेतच त्यांच्या बालपणाच्या खुणा विखुरलेल्या आहेत. गाथेत विटीदांडू आहे, चेंडू आहे, हुतुतू आहे, हमामा आणि टिपऱ्या आहेत. ज्याने हे खेळ दुरून पाहिले, त्याला त्यातील खाचाखोचा कळत नाहीत. देहूच्या धुळीत सवंगड्यांबरोबर पळणारा, गडी बाद झाला की हुज्जत घालणारा, तिन्हीसांजेला आईच्या हाकेने नाइलाजाने घरी परतणारा एक मुलगा त्या शब्दांमागे उभा असला पाहिजे. घरासमीपच्या विठ्ठलाच्या देवळात दिवा लागला की त्याच मुलाने हातपाय धुऊन देवापुढे बसावे, काकड्याला डोळे चोळीत उठावे, नैवेद्याच्या वाटीकडे आशेने पाहावे, हेही ओघानेच आले. देऊळ त्याला परके नव्हते. ते त्याच्या घराचाच एक भाग होते.

पुढे तेरावे वर्ष लागले आणि खेळ संपला. बोल्होबा थकत चालले होते. रीतीप्रमाणे प्रपंचाचा भार थोरल्या सावजीने उचलावयाचा. परंतु सावजीचा ओढा विरक्तीकडे होता आणि त्याने ती जबाबदारी नाकारली. मग तो भार मधल्या मुलावर आला. आजच्या हिशेबाने सातवी-आठवीत बसणारे ते पोर दुकानाच्या गादीवर जाऊन बसले.

त्या गादीवरचे दिवस कसे गेले असतील, याची कल्पना खेड्यातील वाचकास सहज करता येईल. धुळपाटीवर गिरवलेली अक्षरे आता रोजमेळाच्या वहीत बोरूने उतरवायची. शेर-पायलीची मापे भरताना हात सैल सुटता कामा नये आणि आखडताही कामा नये. आलेले नाणे खरे की खोटे, हे वाजवून पाहायचे. कोणाचे किती येणे, कोणाचे व्याज तुंबले, हे ध्यानात ठेवायचे. आजोबांच्या वयाचा कुणबी हात जोडून उधारी मागू लागला, तर त्याला नाही म्हणायचे की हो म्हणायचे, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने ठरवायचे. समोर बोलताना मोठी माणसे गोड बोलतात आणि पाठ फिरली की पोराला फसवू पाहतात, हे जगाचे ज्ञान तुकोबांना पोथीतून नव्हे, दुकानातून झाले असावे. त्यांच्या वाणीत पुढे माप, तराजू, भांडवल, खरे-खोटे नाणे, मुद्दल आणि लाभ यांचे दाखले जागोजाग येतात. ढोंगी माणसाला ओळखण्याची त्यांची नजर मोठी तिखट होती. ती नजर या वयात घडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तुकोबांनी हा कारभार चांगला सांभाळला, असे महिपतीबोवा सांगतात. लोकांनी वाखाणणी केली, आईवडिलांना समाधान वाटले. कर्त्या मुलाचे कौतुक कोणाला नसते? त्या वयाच्या मुलालाही आपल्या नावाची पेठेत पत वाढते आहे, याचा आनंद झालाच असेल.

याच सुमारास, तत्कालीन चालीप्रमाणे, लग्न झाले. पहिली पत्नी रखुमाई. तिला दम्याचा विकार होता. बिऱ्हाडात चूल, धूर, दळणकांडण. त्यात श्वास कोंडणारी लहान वयाची सून. तिच्या आजारपणामुळे वडिलांनी तुकोबांचे दुसरे लग्न पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांच्या मुलीशी लावून दिले. हीच जिजाई, जिला आवली म्हणत. या सर्व व्यवहारात ना तुकोबांना कोणी विचारले असेल, ना त्या दोन मुलींना. मिसरूड फुटते न फुटते तोच एक दुकान, एक महाजनकी आणि दोन बायका असा संसार त्या मुलाच्या अंगावर पडला. जिजाईला कजाग म्हणून रंगविण्याची पुढे प्रथा पडली. पण भरल्या घरात आलेल्या सावकाराच्या लेकीने पुढील काळात उपास काढले, मुले वाढविली आणि डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला भाकरी नेऊन पोचविली, हे सांगावयास मात्र पुष्कळजण विसरतात.

चार वर्षे बरी गेली. सतराव्या वर्षी घरावर आकाश कोसळले. परंपरेने सांगतात, की त्या वर्षी आईवडील दोघेही गेले. पुढच्या वर्षी सावजीची पत्नी वारली, आणि मुळातच संसारात मन नसलेला सावजी तीर्थयात्रेस निघून गेला तो घरी आला नाही. डोक्यावरचा हात गेला, पाठीवरचाही हात गेला. ज्या वयात मुलगा बापाला चार गोष्टी विचारतो, त्या वयात तुकोबांना विचारावयास घरात कोणी उरले नाही. धाकटा कान्होबा, दोन बायका, दुकान आणि देवळातील पूजा, एवढे सारे त्यांच्या भरवशावर होते.

दुःखात बुडालेल्या मनाने व्यापार होत नाही. माल पडून राहिला, उधारी वसूल होईना, देणेकरी दारात उभे राहू लागले. पाठीवर गोण्या लादून बैल हाकीत परमुलखी जावे, तर त्यातही खोट यावी. एकदा जिजाईने खटपट करून भांडवल उभे करून दिले. त्यातून मिळालेले द्रव्यही वाटेत भेटलेल्या एका अडलेल्या माणसाला देऊन तुकोबा रिकाम्या हाताने घरी आले, अशी कथा आहे. संत म्हणून आपण त्या दानाचे कौतुक करतो. पण त्या रात्री घरात काय बोलणी झाली असतील, तीही ध्यानात आणावीत. विसाव्या वर्षाच्या आसपास तुकोबांचे दिवाळे निघाले. काल ज्यांनी शाबासकी दिली, तेच आज हसू लागले. महाजनाच्या तरुण मुलाला यासारखी लाज दुसरी नाही.

आणि त्यातच १६३० चा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांत त्याने हाहाकार केला. आपल्या शिरूर तालुक्यातील ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तिला दुष्काळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु १९७२ साली खडी फोडण्याचे का होईना, काम मिळत होते आणि सुकडी वाटली जात होती. तुकोबांच्या काळी तसा कोणताच आधार नव्हता. रखुमाई अन्नावाचून गेली. तिच्या मागोमाग तिचा लहानगा संतूही गेला. एके काळी ज्या दुकानातून गावाला धान्य मोजून दिले जाई, त्याच घरात धान्याच्या दाण्यावाचून माणसे मेली. तुकोबांनी हे दुःख आणि ही लाज आपल्या अभंगांत आडपडदा न ठेवता सांगितली आहे. त्यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस-बावीस होते.

या आघाताने ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधीत आला. तेथून परतल्यावर त्यांनी घरातील कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाची वाटणी कान्होबाला दिली, कारण त्याचा संसार बुडविण्याचा आपणांस अधिकार नाही, हे त्यांना कळत होते. आपल्या वाट्याची खते मात्र त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. तेराव्या वर्षापासून ज्या कागदांवर त्यांनी आकडे मांडले होते, त्या कागदांचा हिशेब त्यांनी पाण्यात मिटवला. ज्या कुणब्यांची नावे त्यांत होती, तीही दुष्काळाने खचलेलीच होती.

यानंतर तुकोबांनी जे पहिले काम हाती घेतले, ते या स्मरणिकेच्या वाचकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मधल्या पडत्या काळात वडिलांचे विठ्ठल-मंदिर मोडकळीस आले होते. भिंती खचल्या होत्या. लहानपणी जेथे डोळे चोळीत काकड्याला बसलो, जेथे आई दिवा लावी, त्या ठिकाणाची ही अवस्था पाहून त्यांच्या जिवाला काय वाटले असेल? हाती पैसा नव्हता, म्हणून मजूर लावता येत नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतः माती खणली, चिखल तुडविला, दगड वाहिले आणि देऊळ नीट उभे केले. अभंगरचनेच्या आधी, गुरूपदेशाच्या आधी, कीर्तीच्या आधी हा जीर्णोद्धार झाला. मग तेथे एकादशीचे कीर्तन सुरू झाले, आणि तुकोबा प्रथम दुसऱ्याच्या मागे धृपद धरून उभे राहिले. देशभर पोचलेल्या वाणीची सुरुवात अशी दुसऱ्याच्या पाठीमागे उभे राहून झाली.

पुढील चरित्र सर्वांस ठाऊक आहे. बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील उपदेश, अभंगांचा ओघ, वह्या इंद्रायणीत बुडविल्याचा आणि त्या तरल्याचा प्रसंग, आणि १६५० च्या सुमाराचे फाल्गुन वद्य द्वितीयेचे वैकुंठगमन. त्यांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. ती दर वर्षी यवत, वरवंडवरून आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातून पंढरीस जाते. तुकोबांच्या परंपरेतील निळोबाराय हे मूळचे शिरूरचे आणि पुढे पिंपळनेरास राहिले, असे परंपरा सांगते. देहूची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते आणि ती भीमा आपल्या तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून पुढे पंढरपुरास जाते. तेव्हा देहूचे आणि या भागाचे नाते जुने आहे.

आज कारेगावच्या शिवाराला लागून रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. येथील पोरे कारखान्याच्या पाळ्यांची, नोकरीची, जमिनीच्या भावाची बोलणी ऐकत मोठी होतात. काही घरांत तेराव्या-चौदाव्या वर्षीच मुलावर घराचा भार पडतो; कोणाचा बाप गेलेला असतो, कोणाचा धंदा बुडालेला असतो. अशा मुलाला देवळात तुकोबांची तसबीर दाखविताना त्यांची वीणा जरूर दाखवावी. त्याबरोबरच हाही मुलगा तेराव्या वर्षी दुकानात बसला होता, सतराव्या वर्षी पोरका झाला होता, विसाव्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले होते, आणि तरीही त्याने पडलेली भिंत आपल्या हाताने उभी केली, हेही सांगावे.

आपल्या गावच्या या जीर्णोद्धारास कोणी रोख रक्कम दिली, कोणी वाळू-सिमेंट दिले, कोणी दोन दिवस घमेली वाहिली. लहान मुलांनी विटा हातोहात पुढे दिल्या. दात्यांची नावे या स्मरणिकेत छापली आहेतच. विटा वाहणाऱ्या मुलांची नावे कोठे लिहिलेली नसली, तरी ती त्या पांडुरंगाच्या वहीत नोंदली गेली असतील. त्यांना उदंड आयुष्य, आरोग्य आणि सद्बुद्धी लाभो, हीच तुकोबारायांच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरि ॥