समजून घ्या : मुलं शाळेला घाबरायची, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच अंगणात नेली!

जून महिन्यात बारामती-इंदापूर भागातल्या पिंपळीसारख्या कुठल्याही गावात अंगणवाडीच्या दाराशी एक दृश्य हमखास दिसतं. आईचा पदर घट्ट धरून रडणारं मूल आणि गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील, असं दटावणारं एखादं मोठं माणूस. म्हणजे एक भीती घालवायला दुसरी भीती. अंगणवाडीची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते, त्या ताराबाई मोडक यांनी नेमकं याच्या उलट केलं होतं.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य होत्या. त्या काळात एकट्या बाईसाठी ही केवढी मोठी नोकरी! ती सोडून १९२३ मध्ये लहान मुलीसह त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

हे बालमंदिर मॉन्टेसरी पद्धतीचं होतं. पण खुद्द मारिया मॉन्टेसरी यांना लहान वयातल्या परीकथा फारशा मान्य नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टी, गाणी आणि नाटक यांना मुक्त वाव दिला. मार आणि धाक बंद केला. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला.

गोष्टीने भीती कशी जाते?

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपल्याला काय वाटतंय हे शब्दांत सांगता येत नाही. पण हातात माती आली की ते वाघ बनवतं, आणि तो मोडूनही टाकतं. खेळात स्वतः डॉक्टर होऊन बाहुलीला सुई टोचतं. प्रत्यक्षात जी गोष्ट त्याच्या हाताबाहेर असते, ती खेळात त्याच्या ताब्यात येते. भूत नाही, असं दहा वेळा समजावण्यापेक्षा एकदा भूत होऊन नाचणं जास्त उपयोगी पडतं, ते यामुळेच.

बोर्डीत काय घडलं?

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. याच वर्षी या भागातले वारली जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पाड्यावर बाहेरचा माणूस येणं म्हणजे वसुली किंवा दमदाटी, हा घरोघरचा अनुभव. तिथली मुलं शहरी बाईला पाहून लांब राहणार, यात नवल ते काय?

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. इथे मुलाला घर सोडावं लागत नव्हतं, आजी-आई समोरच असायची. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आणि माती हीच साधनं झाली. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी आणि गोष्टी. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते. अनोळखी जागेत मुलाच्या हाती ओळखीच्या वस्तू आल्या, की त्याला तिथे खेळावंसं वाटतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक थेट चराईच्या रानात जाऊ लागले. ही कुरणशाळा.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत चालवलं.