रुडॉल्फ डिझेल : गळणाऱ्या उष्णतेचा हिशोब

डिझेलची मोटार घ्यायची ठरली, की घरात वाद गिअरवरून सुरू होतो. हाताने गिअर टाकायची गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते की ऑटोमॅटिक? इंधनातली ऊर्जा चाकापर्यंत पोहोचेतो वाटेत किती गळते, हा या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न. तो ज्या माणसाने आयुष्यभर उरावर घेतला, त्याचे आडनाव आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील बव्हेरियाचे. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटले, तेव्हा जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र ऑग्सबर्गला, गणित शिकवणाऱ्या नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात ते शिकले. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा हुकली, पण 1880 मध्ये ती दिली आणि उत्कृष्ट गुण मिळवले.

म्युनिकमध्ये त्यांचे शिक्षक होते शीतकरण तंत्राचे जनक कार्ल फॉन लिंडे. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्केच कामी लावते, हे त्यांनी वर्गात सांगितले. बाकीची सगळी उष्णता वाया! ही गोष्ट रुडॉल्फच्या मनातून गेली नाही. लिंडे यांच्या बर्फ कारखान्याची नोकरी करताना त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले, ते फसले. मग वेगळी कल्पना सुचली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पंप मारला, की तो तापतो. सिलिंडरमधली हवा त्याहून कितीतरी जोराने दाबली, तर तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटेल.

1892 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कागदावरचा हिशोब देखणा होता, पण त्यात एक खोट होती. त्यांना हवे तसे, तापमान न वाढवता इंधन जाळायचे, तर हवा प्रचंड दाबावी लागणार होती आणि पदरात पडणारे काम इतके थोडे, की यंत्राचे स्वतःचे घर्षणच ते गिळून टाकणार. हे रुडॉल्फना लवकरच उमगले आणि त्यांनी मार्ग बदलला. टीकाकारांनी हा बदल पुढे अनेक वर्षे त्यांच्या तोंडावर मारला. मला मात्र त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

1893 च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत स्फोट होऊन मोजणीचे उपकरण फुटले. फेब्रुवारी 1894 मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर चालले. आणखी तीन वर्षे खपल्यावर, 17 फेब्रुवारी 1897 रोजी प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी रीतसर मोजमाप केले: 26.2 टक्के. वाफेच्या चांगल्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक. मात्र जेमतेम अठरा अश्वशक्तीच्या या इंजिनाचे वजन साडेचार टन होते.

हक्कांच्या विक्रीतून पैसा आला, पण गिऱ्हाइकांकडे गेलेली सुरुवातीची इंजिने बंद पडू लागली. डोकेदुखी आणि अतिश्रमाने 1898 मध्ये रुडॉल्फ खचले. त्यांना आरोग्यधामात राहावे लागले.

त्यांचे इंजिन मोटारीत बसेना, त्यामागे पुन्हा गळतीच होती. इंधन आत फुंकण्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर लागे आणि तो इंजिनाचीच शक्ती खाई. तेलाचा नेमका थेंब सोडणारे पंप 1920 च्या दशकात आले आणि 1936 मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार बाजारात आली.

गिअरची गोष्टही रुडॉल्फच्या हयातीतली. 1905 मध्ये जर्मनीतच हर्मान फ्योटिंगर यांनी जहाजासाठी एक जोडणी शोधली. एक पाते द्रव ढकलते, तो द्रव दुसरे पाते फिरवतो. तिच्यापासूनच ऑटोमॅटिक मोटारींचा टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यात द्रव थोडा निसटतो, आणि निसटण्यात गेलेली शक्ती तेल तापवण्यात संपते. हाताच्या गिअरमध्ये दाते थेट एकमेकांत अडकतात, गळती कमी. म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी डिझेल जास्त पीत असे.

आता चित्र बदलले आहे. वेग आला की कन्व्हर्टर कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो, आणि गिअर आठ-आठ असतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते. जास्त गिअर असले की ते त्याच पट्ट्यात राहते. आपण मात्र गर्दीत कंटाळून दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी रेटतो. एएमटी गाडीत तर गिअरपेटी हाताचीच असते, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते. तिथे द्रवातून होणारी गळती नसतेच. तेव्हा दुकानात विचारायचे ते हे, की ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती?

1912 मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉककडे निघाले. यंत्रातली गळती रोखणाऱ्या रुडॉल्फना पैशांची मात्र रोखता आली नाही. जमिनीच्या व्यवहारांत ते बुडाले होते. 29 सप्टेंबर 1913 रोजी लंडनमधील बैठकीसाठी ते अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीत चढले, रात्री जेवून खोलीत गेले आणि सकाळी सापडले नाहीत. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे मुलगा ऑयगेन याने ओळखले. तो अपघात होता की आत्महत्या, हे कधीच ठरले नाही.