महर्षी अण्णासाहेब कर्वे : शाळामास्तरातून घडलेले प्राध्यापक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या ज्ञातीत सापडणार नाही. विधवांचे कैवारी, महिला विद्यापीठाचे संस्थापक आणि भारतरत्न या नात्यांनी त्यांचे गुणगान नेहमीच होते, व ते योग्यच आहे. परंतु आम्ही जन्मभर हाती खडू धरलेला मनुष्य. आमची दृष्टी अण्णांच्या चरित्रातील एका निराळ्या प्रसंगाकडे पुनःपुन्हा वळते. माध्यमिक शाळेतील एक शिक्षक वयाच्या चौतिसाव्या वर्षी महाविद्यालयाच्या वर्गात उभा राहतो आणि तेथे तेवीस वर्षे यशस्वीपणे गणित शिकवितो, तो हा प्रसंग होय. हे कसे घडले, याचा विचार यंदाच्या स्मरणिकेत करावा असे आम्ही योजिले आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरूड. घरची परिस्थिती बेताची, परंतु विद्येची ओढ मोठी. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांसह शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवून सह्याद्रीचा घाट चढून साताऱ्यास गेला. परंतु चण लहान असल्याने वय भरलेले दिसत नाही, असे सांगून परीक्षकांनी त्यास परत पाठविले. पुढल्या वर्षी त्याने तीच परीक्षा कोल्हापूर केंद्रातून दिली. १८८१ साली मॅट्रिक होईपर्यंत अण्णांचे वय तेवीस झाले होते. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्याच वर्षी त्याच महाविद्यालयातून बी. ए. झालेले गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे सहाध्यायी.

पदवी मिळाल्यावर मुंबईत अण्णांनी जो संसार मांडला तो शिकवण्यांवर. मुलींच्या दोन इंग्रजी शाळा आणि मराठा हायस्कूल अशा तीन ठिकाणी ते शिकवीत, आणि उरलेल्या वेळात खाजगी शिकवण्या करीत. एकच उदाहरण तीन निरनिराळ्या तऱ्हेच्या मुलांस समजावून सांगण्याचा हा अभ्यास त्यांच्या पुढे फार उपयोगी पडला असला पाहिजे. शिक्षकाच्या व्यवसायात जे हस्तकौशल्य म्हणून असते, ते अशाच वर्गांतून अंगी येते. ते पदवीपत्रात लिहिलेले नसते.

येथे आपणांस थोडे पुण्याकडे वळले पाहिजे. १८८० साली चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे आगरकर व वामन शिवराम आपटे त्यांस येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. या महाविद्यालयास प्राध्यापक कोठून मिळाले? बाहेरून मोठ्या पगाराचे साहेब आणावयाचे नव्हते. शाळेत शिकविणारीच मंडळी महाविद्यालयात शिकवू लागली. शाळेचे प्रमुख आपटे हे महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. गोखले न्यू इंग्लिश स्कुलात साहाय्यक शिक्षक म्हणून आले आणि लवकरच महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. गरज पडली तेव्हा गणित, आणि त्यानंतर इतिहास व अर्थशास्त्र असे विषय त्यांनी हाती घेतले. त्या काळी या प्रांतात माध्यमिक शिक्षकांस शिकविणारे विद्यालयच नव्हते. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते १९०६ साली. तेव्हा या मंडळींचे शिक्षण झाले ते एकमेकांच्या सहवासात आणि नव्या विषयाचा स्वतः कसून अभ्यास करून. शाळा व महाविद्यालय यांस एकाच आजीव सभासदांच्या मंडळाने चालविले, म्हणून एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यास अडसर राहिला नाही.

१८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला आणि गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी काही काळ ते काम चालविले व १८९१ साली अण्णांस बोलावणे धाडले. अण्णांच्या आयुष्यातील हे वर्ष दुःखाचे होते. पहिल्या पत्नी राधाबाई त्याच वर्षी निवर्तल्या होत्या. शिवाय टिळकांसारख्या बुद्धिमंताच्या जागी उभे राहावयाचे, आणि जवळ एम. ए. ची पदवी नाही! परंतु टिळक व गोखले हेही एम. ए. नव्हते, ही गोष्ट आजच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर १८९१ मध्ये अण्णा फर्ग्युसनमध्ये रुजू झाले आणि १८९२ साली आजीव सभासद झाले. १९१४ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे व्रत पाळले.

या काळातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. अण्णांचे मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या शिक्षणास अण्णांचाच आधार होता. हेच परांजपे पुढे केंब्रिजला जाऊन १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्यास हाताला धरून शिकविले, त्याच्याच हाताखाली अण्णांनी पुढील बारा वर्षे आनंदाने गणित शिकविले. आपला विद्यार्थी आपल्यापुढे गेला याचा ज्यास विषाद वाटत नाही, तोच खरा शिक्षक.

आता जी हकीकत सांगावयाची, ती ज्ञातीच्या स्मरणिकेत वगळणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. या वार्तेने मुरूडमध्ये खळबळ उडाली आणि गावकऱ्यांनी अण्णांवर बहिष्कार घातला. त्यांस घरात घेतल्यास वृद्ध आईसही वाळीत टाकले जाईल, अशी परिस्थिती उत्पन्न झाली. हे करणारे परके नव्हते. ते आपल्याच चित्पावन ज्ञातीतील, आपल्याच पणजोबांच्या पिढीचे लोक होते. आज आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, तेव्हा हे ऋण अद्याप फिटलेले नाही, याची जाणीव असलेली बरी.

अण्णांनी कोणाशी वाद घातला नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळील हिंगणे येथे गेला. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवावयाचे आणि नंतर पायी हिंगण्यास जाऊन आश्रमाचे काम पाहावयाचे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि त्यातून १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ जन्मास आले. पहिल्या वर्गात अवघ्या चार-पाच विद्यार्थिनी होत्या! उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा हा प्रयोग, आणि त्यास आश्रमातील शाळेत शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच आधार. फर्ग्युसनमध्ये जे पाहिले व स्वतः अनुभविले, तेच अण्णांनी येथे पुन्हा केले. १९१७ साली शिक्षिका तयार करण्यासाठी त्यांनी अध्यापिकाशाळाही काढली. कारण शिक्षक घडविल्यावाचून शिक्षण वाढत नाही, हे ते जाणून होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापिले. विद्यापीठ काढणाऱ्यास गावची बिगारी तुच्छ वाटली नाही. १९५८ साली भारतरत्न झालेले अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी निजधामास गेले.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून दहिसरचा नाका ओलांडून या मिठागरांच्या भूमीत वसली. आज भाईंदर व मीरा रोड स्थानकांवरून आपल्या लेकीसुना लोकलने सांताक्रूझ व चर्चगेट गाठतात आणि अण्णांच्याच विद्यापीठात शिकतात. परंतु त्यांस त्याआधी अकरावी-बारावीस शिकविणारे कोण? १९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची अकरावी सुरू झाली, तेव्हापासून पूर्वी महाविद्यालयात शिकविला जाणारा पुष्कळसा भाग शाळांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आला आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवी व बी. एड. लागते हे खरे. पण पदवी घेऊन बरीच वर्षे नववी-दहावीस शिकविल्यावर जो शिक्षक एकदम अकरावीच्या वर्गात जातो, त्याची रात्र कशी जाते, हे आम्ही सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. त्यामुळे त्यांस विषयात साहाय्य करू शकलो नाही, याची खंत आहे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या सभासद कुटुंबांत महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत आणि शाळांत शिकविणारे तरुण शिक्षकही आहेत. दर मे महिन्यात आठ दिवस या दोघांस एकत्र बसवावे. प्राध्यापकांनी विषय उलगडून दाखवावा आणि शिक्षकांनी तो मुलांस कसा पोहोचवावा ते दाखवावे. यास फारसा पैसा लागणार नाही. मात्र या बैठकीचे दार कोणत्याही ज्ञातीच्या शिक्षकास, विशेषतः शिक्षिकेस, बंद नसावे. ज्यांस आपल्या पूर्वजांनी गावाबाहेर ठेविले, त्या अण्णांच्या नावाने दार उघडावयाचे, तर ते पुरतेच उघडले पाहिजे. येत्या १८ एप्रिलला त्यांच्या जयंतीदिनी हा संकल्प सोडला जाईल, तर या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.