कालुगाचे शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की

अग्निबाणात बसून पृथ्वी सोडून जाता येईल, हे ज्यांनी गणित मांडून दाखविले, ते गृहस्थ कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. रशियातील आडबाजूच्या गावी मुलांना अंकगणित व भूमिती शिकविणारे ते एक शाळामास्तर होते, आणि त्यांना नीट ऐकूही येत नसे. आम्ही हयातभर हाच व्यवसाय केला असल्यामुळे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांच्याविषयी आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो, हे आरंभीच सांगितलेले बरे.

त्यांचा जन्म १८५७ साली रियाझान प्रांतातील इझेव्स्कोये या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस होते. दहाव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट ज्वराने मुलाचे कान गेले. वर्गात काय चालले आहे ते कळेना, त्यामुळे शाळा सुटली ती कायमची. तेराव्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मात्र मुलगा घरी बसून वडिलांची पुस्तके वाची व हाताने यंत्रे बनवी. ते पाहून वडिलांनी त्यास सोळाव्या वर्षी मॉस्कोस पाठविले. तेथे तीन वर्षे सार्वजनिक ग्रंथालय हीच त्यांची पाठशाळा झाली. घरून येणाऱ्या तुटपुंज्या रकमेतून काळी पाव-भाकरी तेवढी घ्यावयाची आणि उरलेला पैसा पुस्तके, पारा व आम्ले यांवर घालवावयाचा, असा क्रम होता.

१८७९ साली बाहेरून परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. पुढील वर्षी बोरोव्स्क येथे नेमणूक झाली, आणि ज्या घरी बिऱ्हाड केले तेथील मालकांची कन्या वारवारा हिच्याशी विवाह झाला. येथेच त्यांनी वायूंच्या गतीसंबंधी एक उपपत्ती स्वतंत्रपणे सिद्ध करून पीटर्सबर्गच्या विद्वानांकडे धाडली. ती पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली होती! खेड्यात एकट्याने अभ्यास करणाऱ्याच्या वाट्यास हे यावयाचेच. विद्वानांनी मात्र त्यांची योग्यता ओळखली.

१८९२ साली त्यांची बदली कालुगास झाली व उरलेले आयुष्य तेथेच गेले. पत्र्याचा कर्णा स्वतःच बनवून ते कानाला लावीत. धातूच्या पत्र्याचे विमान-फुगे करावे, ही त्यांची मोठी हौस. तिला सरकारदरबारी आश्रय मिळाला नाही. १८९७ साली वाऱ्याच्या झोतात निरनिराळ्या आकारांना होणारा विरोध मोजण्याचे यंत्र त्यांनी घरीच उभारले. पुढे विज्ञान अकादमीने या प्रयोगांसाठी ४७० रूबल दिले.

त्यांचे कीर्तिस्तंभ ठरलेले लेखन १९०३ सालचे. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अग्निबाणही तसाच, मागे वायू फेकून पुढे जातो. त्यास रेटण्यासाठी हवा लागत नाही. त्सिओल्कोव्स्कींनी याचा हिशेब केला. रिकाम्या बाणाच्या २.७ पट वजन इंधनासह भरले, तर तो बाहेर पडणाऱ्या वायूइतका वेग घेतो. दुप्पट वेग हवा असेल तर ७.४ पट आणि तिप्पट हवा असेल तर २० पट! वेग बेरजेने वाढतो, तर वजन गुणाकाराने. म्हणूनच बंदुकीच्या दारूऐवजी द्रवरूप हायड्रोजन व प्राणवायू वापरावेत असे त्यांनी सुचविले, आणि १९२९ साली एकामागून एक सुटून पडणाऱ्या बाणांची आगगाडी कल्पिली. १९०३ चा लेख छापणारे मासिक मात्र संपादकांच्या मृत्यूमुळे लवकरच बंद पडले आणि लेखाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हस्तलिखितांचीही दैना झाली: बोरोव्स्कास १८८७ साली घरास आग लागली, कालुगास १९०८ साली ओका नदीचा पूर घरात शिरला.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. थोरांच्या चरित्रांत घरच्या माणसांची बोळवण बहुधा एका ओळीत होते. या घरात मास्तरांच्या पगारातून उपकरणे येत, पदरमोड करून पुस्तिका छापल्या जात, आणि उरेल त्यात वारवाराबाई संसार रेटीत. मॉस्कोस शिकत असलेला थोरला मुलगा इग्नाती याने १९०२ साली स्वतःचा अंत करून घेतला. सात अपत्यांपैकी पाच बापाच्या हयातीतच गेली. ल्युबोव्ह ही कन्या उत्तरवयात त्यांचे कागदपत्र सांभाळी. आमच्या मते हा खर्चही त्यांच्या शोधाच्याच खाती मांडावयास हवा; तो मांडून ठेवणारे थोडे.

मान मिळाला तो उशिरा. १९२० साली त्यांनी अध्यापन सोडले. १९२१ मध्ये नव्या सरकारने निवृत्तिवेतन बांधून दिले. १९२३ साली जर्मनीत ओबर्थ यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा कोठे आपल्याच मास्तरांचा वीस वर्षांपूर्वीचा लेख रशियास आठवला! १९ सप्टेंबर १९३५ रोजी कालुगास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनंतर तीनच आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला; तो नेणारा बाण टप्प्याटप्प्यांचाच होता. १९६१ साली अंतराळात जाऊन आलेले गागारिन कालुगास आले व त्यांनी तेथील संग्रहालयाची कोनशिला बसविली. त्यापूर्वीच, १९५९ साली, रशियन यानाने चंद्राच्या आपणांस कधीच न दिसणाऱ्या बाजूची छायाचित्रे घेतली होती. तेथील एका मोठ्या काळ्या तळाच्या विवरास या बहिऱ्या शाळामास्तरांचे नाव आहे.