दोन पेडांची गोष्ट

भगिनींनो, वेणी घालताना पेड किती ते आपल्या बोटांनाच कळते. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्याचा पीळ ओळखायचा कसा? ते काम करणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिनचे चरित्र मी लेकीकडून समजून घेतले, तेच येथे सांगते.

रोझालिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये एका सधन ज्यू कुटुंबात झाला. १९३८ साली ती केंब्रिजला शिकावयास गेली. तेथे बायका परीक्षा देत. पण पुरुषांसारखी पूर्ण पदवी त्यांना १९४८ पर्यंत मिळत नसे. युद्धकाळात तिने दगडी कोळशावर संशोधन केले व १९४५ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे पॅरिसला जाऊन ती क्ष-किरणांचे तंत्र शिकली.

१९५१ साली ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. आईबापांचे गुण लेकरांत उतरविणारा डीएनए हा पदार्थ तेथे अभ्यासावयाचा होता. त्याच्या बारीक धाग्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडील फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून रांगोळी ओळखावी, तशी त्यांवरून आतील रचना ओळखावयाची. कोरड्या हवेत या धाग्याचे रूप एक, दमट हवेत दुसरे. हवेतील ओल काटेकोर सांभाळून तिने ही दोन्ही रूपे वेगळी केली. मे १९५२ मध्ये तिचा विद्यार्थी गॉसलिंग याने घेतलेल्या ५१ व्या छायाचित्रात ठिपक्यांची स्पष्ट फुली उमटली. फुली ही पिळाची खूण!

जानेवारी १९५३ मध्ये तिचे सहकारी विल्किन्स यांनी ते छायाचित्र तिला न विचारता वॉटसन यांना दाखविले. वॉटसन व क्रिक यांनी एप्रिलमध्ये डीएनएची दुपेडी रचना प्रसिद्ध केली. जोड्या कशा जुळतात ही कल्पना त्यांचीच. पण तिला आधार रोझालिंडच्या मोजमापांचा होता.

ती मात्र नव्या कामास लागली होती. तंबाखूच्या रोपांवरील विषाणूत एकपेडी आरएनए नेमका कोठे बसतो, ते तिने दाखविले. १९५६ साली कर्करोग झाला, तरी काम सुटले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी ती गेली. १९६२ साली त्या तिघांना नोबेल मिळाले.

पारितोषिक मृतांना देत नाहीत, हे मला समजते. मनाला लागते ते तिला न विचारणे. हळदीकुंकवाला गेल्यावर रांगोळी कोणी काढली, एवढे तरी आपण विचारतोच. म्हणून या स्मरणिकेसाठी राबलेल्या प्रत्येकीचे नाव शेवटच्या पानावर छापावे, ही माझी मंडळास विनंती.